ब्रह्मतीर्थाला लागलंय

संपादकांचं पत्र आलं : "उस्मानभाई, तुमच्या नोकरीतले थरारक प्रसंग लिहा." थरारक म्हणजे त्यांना आगगाडीखाली सापडलेले पाय आणि यंत्रात गेलेले हात हवे असणार. तेही मी पाहिले, पट्ट्या बांधल्या आणि घरी जाऊन जेवलो. पाय तुटलेला माणूस दारात आला की पाय तुटलाय हे कुणालाही दिसतं. धावाधाव होते, जे करायचं ते होतं. या वयातही आठवलं की मला दचकायला होतं ते काजूएवढ्या एका हाडामुळे. त्या हाडानं आणि एका शब्दानं मला जो धक्का दिला, तो अजून पुरता ओसरलेला नाही.

मी नाशकात एका धर्मादाय दवाखान्यात ड्रेसर होतो. काळ एकोणीसशे तीसच्या पुढचा, लढाईच्या आधीचा. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा, प्लास्टर घालणारा माणूस. लोक मला 'पट्टीवाले मियाँ' म्हणत. नवखी माणसं 'पट्टेवाला' समजत आणि हातात चिठ्ठी ठेवून म्हणत, "साहेबांना नेऊन दे." मी नेऊन देई, आणि परत येऊन त्यांचाच मोडका हात टेबलावर घेई, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होत. माझा मुलगा आता ओझरला विमानाच्या कारखान्यात जातो. तो म्हणतो, आमच्याकडे एक स्क्रू सैल राहिला तर विमान पडतं. मी म्हणतो, आमच्याकडे एक अक्षर सैल राहिलं होतं, तेव्हा काय झालं ते ऐक.

दवाखान्याचे डॉक्टर बर्वे मुंबईला शिकलेले, तापट, आणि हाडांचे वेडे. मनगटात आठ बारकी हाडं असतात, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला पटलं नाही. मी समजत होतो, मनगट म्हणजे दाराच्या बिजागरीसारखं एकच काहीतरी. मग त्यांनी एका डबीतून ती आठही हाडं टेबलावर ओतली. फुटाणे सांडावेत तशी ती सांडली. त्यातलं एक अंगठ्याच्या बुडाशी असतं. आकार होडीचा, म्हणून आम्ही त्याला नावेचं हाड म्हणत असू. माणूस घसरला की हात पुढे टेकतो, सगळा भार या नावेवर येतो आणि ती मधोमध मोडते.

आता हिचा लबाडपणा ऐका. मोडली तरी हात वाकडा होत नाही. सूज थोडीच. माणूस मूठ वळतो, जेवतो, सही करतो. पहिल्या दिवशी एक्स-रे काढला तर पुष्कळदा त्यातही काही दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी दिसतं. म्हणून घरचे म्हणतात लचकलं, मालिशवाला म्हणतो शीर चढली, आणि तेल लावून चोळत बसतो. खूण एकच. अंगठा ताणून वर केला की त्याच्या बुडाशी एक खळगी पडते. तपकीर ओढणारे तिथं चिमूट ठेवतात, आणि तेव्हा नाशकात तपकीर न ओढणारा म्हातारा शोधावा लागे. त्या खळगीत बोटानं दाबलं आणि माणूस ओरडला, तर फोटो काहीही म्हणो, प्लास्टर घालायचं. कारण या हाडाला रक्त मुख्यतः एकाच टोकाकडून मिळतं. मधे मोडलं आणि हलत राहिलं की दुसऱ्या टोकाचा तुकडा वाळत जातो. मग मनगट जन्माचं अधू.

प्लास्टरच्या पट्ट्या आम्ही घरच्या घरीच करायचो. जाळीदार कापडावर मी पांढरी भुकटी हातानं चोळून भरायचो आणि गुंडाळ्या करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचो. पावसाळ्यात भुकटी दमट होई, मग ती तव्यावर परतायची. माझी बायको एकदा दवाखान्यात डबा घेऊन आली आणि म्हणाली, "इथं शिऱ्याला रवा भाजता का?" घातलेलं प्लास्टर वाळलं की नाही हे टिचकी मारून कळतं. ओलं भद्द वाजतं, वाळलेलं मडक्यासारखं. नावेच्या हाडाचं प्लास्टर कोपराखालून सुरू होतं, तळहात घेतं आणि अंगठा अर्ध्यापर्यंत आत घेतं. अंगठा बाहेर सोडला की तो हलतो आणि त्याच्याबरोबर नाव हलते. "अंगठा आत, उस्मान, अंगठा आत," हे डॉक्टर झोपेतही म्हणत असतील.

लोकांना ते प्लास्टर सोसत नसे. तांबट आळीतला हंडे घडवणारा एक कारागीर होता. त्याला डॉक्टरांनी बजावलं, "बोटं हलवत राहा, हात निजवून ठेवू नका." चौथ्या आठवड्यात तो आला तो हातोडीसकट, आणि प्लास्टरच्या पार चिंध्या.

"तुमीच म्हनले ना, हलवत ऱ्हा," तो म्हणाला. "मंग बसल्या बसल्या दोन हंडे ठोकले. दुखलं नाय हो. लय भारी बसवलंय तुमी!"

डॉक्टर लालबुंद झाले आणि मी आत जाऊन हसून घेतलं. त्याचं हाड जुळलं, कसं ते अल्लाला ठाऊक. पण तो पडल्याच्या चौथ्या दिवशी आमच्या हाती लागला होता. ज्यांच्याविषयी लिहायला बसलोय, त्यांचं दुखणं ओळखायला आम्हाला अडीच महिने लागले, आणि त्याला कारण मी.

वामनभटजी गोदावरीच्या घाटावर श्राद्धं आणि तर्पणं करवत. वय पन्नाशीचं, काटक अंग, बोलणं तोलून मापून. मूलबाळ नव्हतं. घरी ते आणि त्यांच्या बाई, दोघंच. चैत्रातल्या एका सकाळी ते ओल्या धोतरानं आमच्या दारात उभे राहिले. उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. डॉक्टर देवळालीला एका अडलेल्या बाळंतिणीकडे गेले होते.

डॉक्टरांचा नियम असा की हातावर पडलेला कुणी आला की आधी 'कुठं लागलं' ते विचारायचं आणि वहीत लिहायचं. अंगठ्याच्या बुडाशी म्हणाला तर त्याला सोडायचं नाही, डॉक्टर येईपर्यंत बसवून ठेवायचं.

मी विचारलं, "कुठं लागलं, भटजी?"

ते म्हणाले, "ब्रह्मतीर्थाला लागलंय."

घाटावर कुंडं किती आणि तीर्थं किती, याचा हिशेब मला कधीच लागला नव्हता. जन्म नाशकातला, पण तो सगळा भाग मी वरच्या रस्त्यावरून पाहिलेला. मला वाटलं, असेल त्या नावाची एखादी जागा. मी विचारलं, "पायरीवर शेवाळ होतं का?"

"होतं हो. हात टेकला म्हणून डोकं वाचलं."

झालं, माझी खात्री पटली. मी वहीत लिहिलं, 'ब्रह्मतीर्थ घाटावर पडले.' त्यांनी घाट म्हटलंच नव्हतं. घाट मी माझ्या पदरचा घातला.

तरीही खळगी दाबून पाहिली असती तर सगळं निभावलं असतं. पण भटजी नदीवरून थेट आलेले, सोवळ्यात, आणि मी मुसलमान. पट्टी बांधायला हात लावावाच लागणार होता, त्याउप्पर चेपाचेपी करून त्यांना अवघडवायचं कशाला, असं माझ्या मनानं घेतलं. मान राखायला गेलो मी! झटपट पट्टी बांधली, पुढे 'लचक' असं लिहिलं आणि आठ दिवसांनी या म्हणालो. संध्याकाळी डॉक्टरांनी वही वाचून खाली सही केली. आठ दिवसांनी भटजी आले नाहीत. लचक म्हटल्यावर कोण येतं?

ते पुन्हा आले तेव्हा आषाढ लागला होता. या वेळी डॉक्टर समोर होते.

"तांब्या उचलवत नाही," भटजी म्हणाले. "आचमनाला हात धरला तर कळ येते आणि पाणी सांडतं."

"नेमकं कुठं दुखतंय?"

"ब्रह्मतीर्थाला."

मी लगबगीनं पुढे झालो. "साहेब, तो घाट आहे. तिथं पडले होते हे. वहीत आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी स्वतःचा उजवा हात पुढे धरला, तळव्याची वाटी केली आणि अंगठ्याच्या बुडाशी डाव्या हाताचं बोट ठेवलं. "इथं?"

"तिथंच. पडल्या दिवसापासून."

माणसाच्या तळहातावर तीर्थं असतात, हे मला त्या क्षणी कळलं. बोटांच्या टोकांशी देवांचं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधे पितरांचं, तर्पणाचं पाणी तिथून सोडायचं. आणि अंगठ्याच्या बुडाशी ब्रह्मतीर्थ, आचमनाचं पाणी तिथून प्यायचं. मुंज झालेल्या मुलाला हे शिकवतात. डॉक्टरांचीही मुंज झालेली होती. तो शब्द त्यांच्या कानावर जसाच्या तसा पडला असता तर पहिल्याच दिवशी प्लास्टर चढलं असतं. भटजींनी दुखण्याचा पत्ता अगदी अचूक सांगितला होता आणि मी तो नदीवर नेऊन ठेवला. मी वही उघडून ती ओळ पुन्हा वाचली.

एक्स-रे काढला. ओली फिल्म डॉक्टरांनी खिडकीशी धरली. नावेच्या मधोमध काळी रेघ होती, चांगली रुंद, लपायचं नावसुद्धा न घेणारी.

"जुनं झालंय हे," डॉक्टर म्हणाले आणि भडकले. "भटजी, अहो पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? अंगठ्याच्या बुडाशी दुखतंय, एवढं एक वाक्य बोलायचं होतं!"

वही माझ्या हातात होती. भटजींनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझा चेहरा कसा झाला होता कुणास ठाऊक. मग ते डॉक्टरांना म्हणाले, "नाही सांगितलं. माझंच राहिलं."

मी थक्क झालो. तिथीत घटकाभराचा घोळ असला तरी यजमानाला परत पाठवणारा हा माणूस. कुणाच्या आजोबांच्या नावात एक अक्षर चुकलं तर सगळा विधी पुन्हा करवणारा. तो माझ्यासाठी उभ्या उभ्या खोटं बोलला, आणि तेही स्वतःच्या हातावर पाणी सोडून. आणि मी ते खोटं चालू दिलं. घरी आई होती, बायको होती, तीन मुलं होती. हे काही कारण झालं का? पण मी गप्प बसलो ते यासाठीच.

डॉक्टरांनी सांगितलं, "चार महिने प्लास्टर. तरी जुळेल असं वचन देत नाही. नाही जुळलं तर मनगट वाकणार नाही, पंजा ताटासारखा सपाट राहील."

"ताटात पाणी ठरतं, डॉक्टर. यात ठरेल का, तेवढं सांगा."

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. तापट माणूस, पण खोटा धीर देत नसे.

सगळा प्रश्न एवढाच होता. त्या तळव्यात पाणी ठरेल की नाही. दुसऱ्यांच्या बापजाद्यांना पाणी देणं हा त्यांचा धंदा होता, आणि स्वतःच्या बापाला पाणी देणं हे त्यांच्या लेखी त्या धंद्याहून मोठं होतं. उजव्या हाताशिवाय यातलं काही होत नाही. डावा चालत नाही.

डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे गेले आणि मी प्लास्टर घालायला बसलो. अंगठा आत घेतला.

भटजी हळूच म्हणाले, "उस्मानभाई, दाबू नका असं म्हटलं होतं का मी?"

"नाही."

"मग का नाही दाबलंत?"

"तुम्ही सोवळ्यात होतात."

"मला अंघोळ परत करता आली असती हो," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

मग चार महिने गंमत आणि शिक्षा दोन्ही चालली. प्लास्टरला पाणी लागता कामा नये आणि भटजींना रोज नदीत बुडी मारायची. ते उजवा हात सरळ आभाळाकडे उभारून कमरेएवढ्या पाण्यात शिरत आणि तसेच बुडत, हात तेवढा वर. यात्रेकरूंना वाटे, कसलं तरी कडक व्रत चाललंय. एका बाईनं म्हणे त्या हाताला लांबूनच नमस्कार केला. भटजी दर पंधरवड्याला येत, मी टिचकी मारून बघे, कुठं मऊ पडलं असेल तर नवी पट्टी चढवी. एकदा मी त्यांना सांगितलं की आमच्यात नमाजाआधी हात धुवावे लागतात, पण हात असा बांधलेला असेल तर ओला हात पट्टीवरून नुसता फिरवला तरी चालतं.

ते मनापासून हसले. "तुमच्या शास्त्रकारांपैकी कुणाचा तरी हात मोडलेला असणार! आमच्यांना कुणी घाटावर पाडलंच नाही."

भाद्रपदात पितृपक्ष लागला. घाटावर पाय ठेवायला जागा नसे, आणि त्यांची नेहमीची माणसं त्यांना नमस्कार करून शेजारच्या भटजींसमोर बसत. हे मी ऐकत होतो आणि आतल्या आत जळत होतो. पक्षाच्या अखेरीला, सर्वपित्री अमावास्या दोन दिवसांवर आली असताना, भटजी तपासणीला आले. डॉक्टर बाहेर होते. मी दार लोटून घेतलं आणि कात्री हातात घेतली.

"अंगठा मोकळा करून देतो," मी म्हणालो. "अमावास्या उरका. परवा संध्याकाळी या, मी परत बांधतो. साहेबांना कळणारही नाही."

त्यांनी हात मागे घेतला. "मी तेव्हा बोललो, त्याची परतफेड करताय का?"

मी कात्री टेबलावर ठेवली.

"तसं असेल तर नको. मी खोटं बोललो ते तुमच्या घरच्या चुलीसाठी. त्याच्या बदल्यात अंगठा सोडवून घेतला तर ते विकल्यासारखं होईल." मग म्हणाले, "यंदा माझे वडील तहानलेले राहतील. राहू देत. हात राहिला तर पुढे देईन."

ते गेले आणि मला तिथं बसवेना. डॉक्टर आल्या आल्या मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. शब्द काय होता, घाट कुणी घातला, खळगी का दाबली नाही, भटजी का खोटं बोलले. आता नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. चिमटा जागेवर नसला तरी दवाखाना डोक्यावर घेणारा माणूस हा.

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ब्रह्मतीर्थ घाट असं नाव तू आधी कधी ऐकलं होतंस?"

"नाही साहेब."

"मीही नाही. मी या गावात वाढलो. आणि ही खाली सही कुणाची आहे?"

एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरलेले मी तेव्हाच पाहिले आणि घाबरून गेलो. शेवटी त्यांनी वही मिटली. "यापुढे 'कुठं लागलं' असं विचारायचं नाही. दुखतं तिथं एक बोट ठेवा म्हणायचं. आणि ती जागा दाबायची. समोर लाटसाहेब असला तरी दाबायची. जा, पट्ट्या भर."

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी हजारो लोकांना 'बोट ठेवा' म्हणालो. तोंड काहीही सांगेल, पण बोट बरोबर जागी जातं. एवढी एक गोष्ट मी धंद्यात खरी शिकलो, पण ती शिकायला दुसऱ्याचा हात खर्ची पडला.

दिवाळी झाली आणि प्लास्टर कापायचा दिवस आला. आतून निघाला तो हात माणसाचा वाटत नव्हता. बारीक झालेला, कातडीच्या पापुद्र्यांनी भरलेला, कुबट वास येणारा. भटजींनी तोंड फिरवलं. नवी फिल्म डॉक्टरांनी खिडकीशी धरली. मी टाचा उंचावून त्यांच्या खांद्यावरून बघितलं. काळी रेघ नव्हती. तिच्या जागी पुसट, धुरकट अशी एक वळी होती.

"जुळलं," डॉक्टर म्हणाले. "जुळलं रे, उस्मान! मला स्वतःला खात्री नव्हती."

हाड जुळलं, पण मनगट आखडलं होतं. गरम पाण्यात बुडवायचं, वाकवायचं, ताणायचं. मी त्यांना कणीक मळायला सांगितली. त्यांच्या बाई एक दिवस दवाखान्यात येऊन म्हणाल्या, "तुमचं भलं होवो. पंचवीस वर्षांच्या संसारात यांनी परातीला पहिल्यांदा हात लावला." भटजी रोज घरी पळीभर पाणी तळव्यात घेऊन बघत. आधी सगळं सांडे. मग निम्मं. ते मला आकडे सांगितल्यासारखे सांगत, आज इतक्या श्वासांपर्यंत राहिलं, आज तितक्या. पण ते कधीच पुरतं ठरलं नाही. पहिल्या दिवशी धरलं असतं तर ठरलं असतं. हे त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही.

पौषातल्या अमावास्येला त्यांनी मला घाटावर बोलावलं. "नुसते या. वर उभे राहा," एवढंच म्हणाले. मी टोपी सावरत चार पायऱ्या वर उभा राहिलो. लोक माझ्याकडे वळून बघत होते. थंडी मरणाची, पाण्यातून वाफ निघत होती. भटजींनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, तळव्यात तीळ घेतले, पाणी घेतलं, वडिलांचं नाव आणि गोत्र उच्चारलं. पाणी अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधून खाली गेलं. तीनदा. वर्षाची तहान भागवली त्यांनी. मला वाटलं, संपलं, आता निघावं.

तेवढ्यात त्यांनी चौथ्यांदा पाणी घेतलं आणि मान वर करून विचारलं, "उस्मानभाई, तुमच्या वडिलांचं नाव काय?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आमच्यात स्नेह्यासोबत्यांच्या गेलेल्यांनाही पाणी देता येतं," ते म्हणाले. "मला द्यावंसं वाटतंय. पण तुम्हाला चालेल का, त्यांना चाललं असतं का, ते तुम्हाला ठाऊक. नको म्हणालात तर राग नाही."

माझा बाप पाच वेळा नमाज पढणारा, कडक माणूस. त्याला हे चाललं असतं का? मोहल्ल्यात कळलं तर काय म्हणतील? आणि घाटावरचे हे लोक भटजींना काय म्हणतील? ज्याच्या चुकीमुळे हा हात असा झाला, त्याच्या बापाला हा माणूस पाणी देतोय, आणि मी उभा राहून फायदा-तोटा बघतोय! हे सगळं डोक्यात चाललं होतं आणि डोळे सवयीप्रमाणे त्यांच्या मनगटावर होते. मनगट कापत होतं. तळव्याच्या कडेनं पाणी ठिपकू लागलं होतं.

"लवकर बोला," भटजी हसत म्हणाले, "ठरत नाही हो फार वेळ."

मी "इस्माईल" म्हणालो तोवर तळवा रिकामा झाला होता. नुसते चार तीळ चिकटून राहिले होते.

"गोत्र?" त्यांनी सवयीनं विचारलं आणि स्वतःच मान हलवली. "असू दे. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात."

ते पुन्हा वाकले. या वेळी डावा हात उजव्या मनगटाखाली आधाराला धरून त्यांनी पाणी घेतलं, आणि काश्यप गोत्र म्हणून माझ्या बापाचं नाव घेतलं. उच्चार थोडा चुकला. निम्मं पाणी आधीच गळून गेलं. उरलेलं मात्र अंगठा आणि बोट यांच्या मधून, जिथून पडायला हवं तिथूनच पडलं, आणि मी सगळ्या घाटासमोर लहान मुलासारखा रडलो.